तिसरी थैली

जूनमध्ये इथं रात्र येते ती
उंबऱ्याला हात लावून परत जाण्यापुरती.
अकरा वाजून गेले तरी जिद्रा ओझोला
वाफ्यांमधून वाकून चालत असते,
आणि ग्लॅडिओलसच्या पात्यांना कुणी सांगत नाही
की पुरे आता.

त्सेसिसच्या पुढं, बर्चच्या रांगेमागं
दहा वाफे आहेत तिच्या नावावर.
पाचांवर आभाळ मोकळं.
उरलेल्या पाचांवर रोज दुपारी चारला
ती काळं कापड ओढते.
बाळावर पांघरूण ओढावं तसं नाही,
दुकानाचं शटर ओढावं तसं,
कारण कापड जड आहे आणि खांदा दुखतो.
सकाळी आठला उघडायचं.
आठ तासांचा दिवस,
बाकी सगळी शिवून घेतलेली रात्र.

ऑगस्ट सरताना मोकळ्या वाफ्यांत दांडे उभे राहिले,
खालून वर, एकेक कळी, घाई न करता.
नव्वद दांडे शाळेला गेले.
एक सप्टेंबरला इथलं प्रत्येक पोर
स्वतःपेक्षा उंच फूल घेऊन बाईंसमोर उभं राहतं
आणि वर्गात बादल्या कमी पडतात.

कापडाखालचं कुणी शाळेत गेलं नाही.
दांडा आलाच तर कळ्या पोटातच वाळलेल्या,
विझल्या काड्यांसारख्या.
इंता, नवी मदतनीस, हळहळली.
जिद्रा म्हणाली, खणेपर्यंत थांब.

ऑक्टोबरात खणलं.
फुललेल्याखाली एक नवा कंद, सात-आठ पिल्लं.
न फुललेल्याखाली
कंद गरगरीत, आणि भोवती लगडलेली पिल्लं,
वाटाण्याएवढी, ज्वारीच्या दाण्याएवढी,
काही इतकी बारीक की ढेकूळ समजून फेकली जावीत.
इंता एकेचाळिसाशी चुकली,
पुन्हा एकपासून.
तळाशी जुना कंद, चपटा, सुकलेला,
तुटलेल्या बटणासारखा.
तो मोजायचा नसतो.

पिल्लांचं कवच टणक,
आणि आत एक रस असतो, 'इतक्यात नको' म्हणणारा.
त्याच्याशी बोलणी करायला तीन थैल्या:
पहिली चोवीस तास जिब्रेलिक आम्लात,
दुसरी बेंझिल ॲडेनिनमध्ये,
तिसरी साध्या पाण्यात,
कारण तुलनेला कुणीतरी
काहीच न मिळालेलं लागतं.

मार्चमध्ये तळघर उघडलं.
पहिली थैली जागी, लांब पांढरे कोंब.
दुसरीत एकेका पिल्लाला दोन-दोन डोळे.
आणि तिसरी,
जिनं गाढ झोपून राहायचं ठरलं होतं,
तीही उठून बसलेली.

चिठ्ठ्या बदलल्या, इंता रडवेली.
जिद्रानं उत्तर दिलं नाही. नाक वर केलं.
हुंगत हुंगत शेवटच्या फळीपर्यंत गेली,
गोणपाट उचललं:
टोपलीभर अंतोनोव्का सफरचंदं, पिवळी पडलेली.

रात्रीचा राखणदार आर्विद्स म्हणाला,
घरच्या तळघरात पाणी शिरतं.
इथं कोरडं होतं. कुणाला विचारायचं?
म्हणजे सबंध हिवाळा पिकणारी फळं
अंधारात हळूहळू वायू सोडत बसली होती,
आणि पाणीच मिळालेली ती थैली
तोच हुंगत होती.

वहीत जिद्रानं लिहिलं:
तिसरी थैली बाद. कारण, सफरचंद.
मग एक सफरचंद स्कर्टला पुसून खाल्लं,
बियांसकट.

एप्रिलअखेर अकरावा वाफा काढला, कुंपणालगत,
पाटीशिवाय. बाद झालेली सगळी त्यात लावली.
फूल यायला दोन वर्षं, कदाचित तीन.
इंताचा करार डिसेंबरपर्यंत.

यांच्यावर कापड घालायचं की नाही, तिनं विचारलं.
जिद्रा हातावरची माती झटकत होती.
कापडं पाचच आहेत, म्हणाली.